कंपन्यांचा पाठिंबा घ्यावा, पण चळवळीनं त्यावर विसंबावं का?

पायवाट (धागाकर्ता)

एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेत बड लाइट या बिअरच्या कंपनीनं डिलन मल्वेनी या ट्रान्स स्त्रीला तिचा चेहरा छापलेला एक डबा पाठवला. तिनं त्याची छोटी चित्रफीत इन्स्टाग्रामवर टाकली आणि बहिष्काराची लाट उठली. खप घसरायला लागताच कंपनीनं विपणन विभागातल्या दोन अधिकाऱ्यांना रजेवर पाठवलं. मल्वेनीला धमक्या येत होत्या, घराबाहेर पडायची भीती वाटत होती, पण कंपनीनं आपल्याशी साधा संपर्कही केला नाही, असं तिनं नंतर जाहीरपणे सांगितलं. त्याच वर्षी टार्गेट या दुकानसाखळीनं कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेचं कारण देत प्राइड महिन्याचा, म्हणजे समलिंगी आणि ट्रान्स लोकांच्या हक्कांसाठी जूनमध्ये पाळल्या जाणाऱ्या महिन्याचा, काही माल काढून घेतला. २०२५ मध्ये तर सॅन फ्रान्सिस्कोच्या प्राइड सोहळ्याचे अनेक मोठे प्रायोजक बाजूला झाले. राजकीय वारं फिरलं होतं, एवढंच.

आधीची कित्येक वर्षं याच कंपन्यांचे लोगो जून उजाडला की या चळवळीच्या झेंड्यासारखे इंद्रधनुषी व्हायचे. त्यातल्या अनेक बहुराष्ट्रीय कंपन्यांची आखाती देशांसाठीची खाती मात्र त्याच जूनमध्ये नेहमीच्या रंगात असायची. हे लोकांनी दोन्ही चित्रं शेजारी ठेवून दाखवून दिलं होतं.

हा प्रकार नवा नाही. ३१ मार्च १९२९ ला न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवर ईस्टरच्या गर्दीत काही तरुणींनी उघडपणे सिगारेटी पेटवल्या. स्त्रीनं चारचौघांत धूम्रपान करणं तेव्हा लाजिरवाणं मानलं जाई. वर्तमानपत्रांत छायाचित्रं आली, आणि त्या सिगारेटींना 'स्वातंत्र्याच्या मशाली' म्हटलं गेलं. मागे होते जनसंपर्काच्या धंद्याचे एक जनक एडवर्ड बर्नेज, आणि त्यांचं बिल भरत होती अमेरिकन टोबॅको कंपनी. स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळून जेमतेम नऊ वर्षं झाली होती. समतेची खरी ओढ होती, खरा राग होता, आणि तो सिगारेटच्या खपाला जुंपला गेला.

मला कंपन्यांना झोडपायचं नाही. संचालकांच्या मनात काय असतं ते मला कळायचा मार्ग नाही आणि तिथे मनापासून झटणारी माणसंही असतात. माझा प्रश्न घेणाऱ्यांच्या बाजूचा आहे. नफ्यासाठी आलेला पाठिंबा नफा संपला की जाणार, हे दिसत असताना एखाद्या चळवळीनं त्याच्या भरवशावर किती उभं राहावं? माझं मत असं, की पैसा घ्यावा, पण तो उद्या सकाळी बंद झाला तरी काम चालू राहील इतकाच. तुम्हाला काय वाटतं?

उंबरठा

धागा चांगला आहे, पण मुळातच असहमत. उपाशी माणसाला ताट कोणत्या हेतूनं वाढलं गेलं यानं त्याच्या पोटाला फरक पडत नाही.

मर्क या औषध कंपनीचं उदाहरण घ्या. नदीकाठच्या काळ्या माशीतून पसरणारा एक रोग आहे, ऑन्कोसर्कायसिस. माणूस कायमचा आंधळा होतो. मर्ककडे आयव्हरमेक्टिन हे औषध होतं. त्यावर जनावरांच्या औषधात कंपनीनं बक्कळ कमावलेलं. माणसांसाठीही ते चालतं हे कळलं, पण ज्यांना हवं त्यांच्याकडे द्यायला पैसा नव्हता. १९८७ मध्ये कंपनीचे प्रमुख रॉय व्हॅजेलोस यांनी जाहीर केलं की लागेल तितकं आणि लागेल तोवर हे औषध फुकट देऊ. कोलंबिया, इक्वेडोर, मेक्सिको, ग्वाटेमाला हे देश या रोगातून मुक्त झाले, अलीकडे आफ्रिकेत नायजरही झाला. कंपनीला यातून नाव मिळालं, चांगले शास्त्रज्ञ मिळाले, करसवलत मिळाली. मिळू दे की! डोळे वाचले ना?

पायवाट

उंबरठा, मर्कचं उदाहरण मलाही फार मोलाचं वाटतं. पण जरा बारकाईनं पाहा. तिथे 'हे विकत घ्या म्हणजे आम्ही तिकडे देऊ' अशी अट कधीच नव्हती. आणि शब्द दिला तो 'लागेल तोवर' असा. तो चार दशकं पाळला जातो आहे, मधे कितीतरी प्रमुख बदलले. मी तक्रार करतोय ती बरोबर उलट्या प्रकाराबद्दल, जिथे मुदत जाहिरात मोहिमेची असते आणि गरज मात्र आयुष्यभराची. हेतूवर मी बोलतच नाहीये. बांधिलकीची मुदत किती, हे मोजता येतं आणि तेच मोजावं.

निळी शाई

मी विपणनात बरीच वर्षं काम केलं आहे, म्हणून आतल्या बाजूनं लिहिते.

'प्रत्येक खरेदीमागे अमुक रक्कम दान' या पद्धतीला मोठं नाव मिळालं ते १९८३ मध्ये. अमेरिकन एक्स्प्रेसनं स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या डागडुजीसाठी दर कार्डव्यवहारामागे एक सेंट आणि दर नव्या कार्डामागे एक डॉलर द्यायचं ठरवलं. जमले सुमारे १७ लाख डॉलर. पण त्या काळात कार्डाचा वापर पाव हिश्शाहून जास्त वाढला. त्या एका आकड्यानं आमचा अख्खा धंदा बदलला. त्याआधी देणगी ही प्रमुखांच्या खासगी दालनातली बाब असायची, नंतर ती जाहिरातीच्या अंदाजपत्रकात आली.

आणि एकदा तिथे आली की तिला जाहिरातीचेच निकष लागतात. बैठकीत विषय असे निवडतात: आपला ग्राहक कोण, त्याला कशाचं वाईट वाटतं, त्यातलं वादग्रस्त काय, ते वगळा. लहान मुलं चालतात, प्राणी चालतात, झाडं तर फारच चालतात. तुरुंगातून सुटलेले लोक, मनोरुग्ण, व्यसनी, मैला उपसणारे कामगार यांच्यावरच्या सादरीकरणातल्या चित्रापाशी कुणी थांबतही नाही. कुणी दुष्टपणे 'नको' म्हणत नाही. चर्चाच पुढच्या चित्रावर जाते.

ग्राहकांनी एक गोष्ट जरूर बघावी, ती म्हणजे वरची मर्यादा. अनेक मोहिमांत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की एकूण दान अमुक रकमेपेक्षा जास्त होणार नाही. ती रक्कम पहिल्या काही दिवसांत भरली तरी पाकिटावरचा मजकूर महिनाभर तसाच राहतो. तुम्ही विकत घेत राहता, दान केव्हाच थांबलेलं असतं. कुठे तर खरेदीचा आणि दानाचा संबंधच नसतो, रक्कम आधीच ठरवून दिलेली असते.

आणखी एक. १९९९ साली फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीनं सुमारे साडेसात कोटी डॉलर धर्मादाय कामांना दिले आणि ते दिल्याचं लोकांना सांगायला सुमारे दहा कोटींची जाहिरात मोहीम काढली, असं तेव्हा बातम्यांत खूप गाजलं. आमच्या क्षेत्रात हे प्रमाण कुणाला विशेष वाटत नाही.

पारंबी

निळी शाई, 'चर्चाच पुढच्या चित्रावर जाते' हे वाचून सुन्न झाले. असंच लिहीत राहा.

कडुनिंब

मला स्तनाच्या कर्करोगाच्या गुलाबी फितीबद्दल लिहायचंय. माझ्या मावशीला हा आजार होता, त्यामुळे तो रंग मी फार जवळून पाहिला आहे. पण ती फीत मुळात गुलाबी नव्हतीच, हे पुष्कळांना माहीत नसतं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात शार्लट हेली नावाची एक वृद्ध बाई होती. तिच्या घरात बहिणीला, मुलीला, आजीला हा आजार झालेला. ती जेवणाच्या टेबलावर बसून हातानं पीच रंगाच्या फिती बनवायची आणि प्रत्येक संचासोबत एक कार्ड द्यायची. कार्डावर लिहिलं होतं की राष्ट्रीय कर्करोग संस्थेचं वार्षिक अंदाजपत्रक १.८ अब्ज डॉलरचं आहे आणि त्यातले फक्त ५ टक्के प्रतिबंधावर खर्च होतात. ही फीत लावून आपल्या लोकप्रतिनिधींना जागं करा. म्हणजे ती फीत ही सरकारकडे केलेली मागणी होती, आकड्यासकट.

१९९२ मध्ये 'सेल्फ' मासिक आणि एस्टे लॉडर ही सौंदर्यप्रसाधनांची कंपनी यांना तीच फीत हवी होती. हेलीबाईंनी नकार दिला, तुमचं काम फार व्यापारी आहे म्हणाल्या. मासिकाच्या वकिलांनी सल्ला दिला, रंग बदला. रंग गुलाबी झाला आणि त्या वर्षी लॉडरच्या विक्री काउंटरांवरून १५ लाख फिती वाटल्या गेल्या.

यात हरवलं काय ते बघा. प्रतिबंधाचा मुद्दा गेला, लोकप्रतिनिधी गेले, ५ टक्के गेले. उरली ती जागरूकता. जागरूकतेला कुणाचाच विरोध नसतो, ती सगळ्यांना परवडते. प्रतिबंध म्हणजे हवा, पाणी, रसायनं, कारखाने यांबद्दल अडचणीचे प्रश्न. ते कुठलीही प्रसाधन कंपनी आपल्या काउंटरवर मांडणार नाही. पुढे २०१० मध्ये केएफसीनं गुलाबी बादल्यांतून तळलेली कोंबडी विकली, बादलीमागे ५० सेंट कर्करोगाच्या संस्थेला. स्थूलपणा हा रजोनिवृत्तीनंतरच्या स्तनाच्या कर्करोगाचा एक ज्ञात धोका आहे, तरीही. ब्रेस्ट कॅन्सर अॅक्शन या रुग्णस्त्रियांच्या संघटनेनं २००२ मध्येच 'गुलाबी घेण्याआधी विचार करा' अशी मोहीम सुरू केली, ती यासाठीच.

मूळ लेखात पायवाट म्हणतात की पाठिंबा निघून जाण्याचा धोका आहे. मला त्याहून मोठा धोका पाठिंबा टिकून राहण्यात दिसतो. तो वर्षानुवर्षं टिकतो आणि हळूहळू मागणीच बदलून टाकतो.

उंबरठा

कडुनिंब, हेलीबाईंबद्दल माहीत नव्हतं, धन्यवाद. पण दुसरी बाजूही नोंदवायला हवी. त्याच लॉडर कंपनीच्या एव्हलिन लॉडर यांनी १९९३ मध्ये स्तनाच्या कर्करोगावरच्या संशोधनासाठी प्रतिष्ठान काढलं आणि त्यातून संशोधकांना फार मोठा निधी मिळत आला आहे. त्या स्वतः या आजारातून गेल्या होत्या. हातानं बनवलेल्या पीच फितींतून हे झालं असतं का? आज ज्या स्त्रिया लाज न बाळगता तपासणीला जातात, त्यात गुलाबी रंगाचा वाटा आहे. चाळीस वर्षांपूर्वी लोक या आजाराचं नावही कुजबुजत घ्यायचे.

कडुनिंब

मान्य, वाटा आहे. मावशीनं गाठ लपवली नाही, लगेच दाखवली, यात त्या वातावरणाचाही हात असेल. मी फीत फाडून टाका म्हणत नाही. पण एक गोष्ट मनातून जात नाही. अमेरिकेत १९८७ पासून स्त्रियांचे सर्वाधिक कर्करोगबळी स्तनाच्या नव्हे तर फुप्फुसाच्या कर्करोगानं जातात. त्या आजाराची फीत कुठल्या दुकानात लटकलेली मी तरी पाहिली नाही. रुग्णावरच दोष ठेवला जातो, आणि तो आजार कुठल्याही सुंदर वस्तूसोबत विकता येत नाही. निळी शाई यांनी सांगितलेली बैठक इथेही झाली असणार.

बेसलाइन

फुप्फुसाच्या कर्करोगावरून आठवलं. मी टेनिसवेडी आहे, आणि या चर्चेतला माझ्या दृष्टीनं सगळ्यात अवघड प्रसंग स्त्रियांच्या टेनिसचा आहे.

१९७० मध्ये लॉस एंजेलिसच्या पॅसिफिक साउथवेस्ट स्पर्धेत पुरुष विजेत्याला १२,५०० डॉलर आणि स्त्री विजेतीला १,५०० डॉलर असा फरक होता. बिली जीन किंग आणि इतर आठ जणींनी त्याऐवजी ह्यूस्टनला वेगळी स्पर्धा खेळायचं ठरवलं. 'वर्ल्ड टेनिस' मासिकाच्या ग्लॅडिस हेल्डमन यांनी प्रत्येकीशी एका डॉलरचा करार केला. अमेरिकेच्या टेनिस संघटनेकडून बंदीची धमकी होती, म्हणजे कारकीर्द पणाला होती. आणि त्यांच्या पाठीशी पैसा घेऊन आलं कोण? फिलिप मॉरिस. व्हर्जिनिया स्लिम्स ही फक्त स्त्रियांसाठी १९६८ मध्ये आणलेली सिगारेट. तिची जाहिरात स्त्रीमुक्तीच्याच भाषेत चालायची. म्हणजे पायवाट यांनी सांगितलेल्या १९२९ च्या मशालींची थेट नात.

त्या पैशातून स्त्रियांचा स्वतंत्र व्यावसायिक दौरा उभा राहिला. आज एखादी मुलगी टेनिसवर पोट भरू शकते त्याची सुरुवात तिथे आहे. आणि त्याच कंपनीची सिगारेट ओढून किती स्त्रिया मेल्या असतील याचा विचार केला की पोटात गोळा येतो. मी अनेकदा स्वतःला विचारलंय, मी तिथे असते तर काय केलं असतं. दुसरं कुणीच पैसा द्यायला तयार नव्हतं. मी बहुधा घेतला असता. त्यातली वेदना मात्र मी खोडून टाकणार नाही.

पण पुढे त्यांनी जे केलं ते महत्त्वाचं आहे. जून १९७३ मध्ये विम्बल्डनच्या तोंडावर लंडनच्या एका हॉटेलात खेळाडू जमल्या आणि त्यांनी स्वतःची संघटना काढली, डब्ल्यूटीए. त्याच वर्षी अमेरिकन ओपननं समान बक्षीस दिलं. फरकाची रक्कम भरली होती एका घामरोधकाच्या ब्रँडनं, आणि त्यामागे बिली जीनचा रेटा होता. तिनं आदल्या वर्षीच सांगून ठेवलं होतं की रक्कम समान नसेल तर खेळायला येणार नाही. म्हणजे मागणी खेळाडूंची, पैसा कंपनीचा. नव्वदच्या दशकात व्हर्जिनिया स्लिम्स दौऱ्यातून बाहेर पडली. संघटना होती, ती राहिली. विम्बल्डनला समान बक्षिसासाठी २००७ उजाडावं लागलं, आणि तो लढा लढायला ती संघटना जागेवर होती.

पायवाट

बेसलाइन, माझ्या मनात जे धूसर होतं ते तुम्ही नेमकं मांडलंत. हेलीबाईंच्या गोष्टीत मागणी कंपनीकडे गेली आणि टेनिसमध्ये ती खेळाडूंकडे राहिली. दोन्हीकडे कंपनीचा स्वार्थ सारखाच होता. कडुनिंब यांचा मुद्दाही म्हणूनच माझ्या मूळ लेखापेक्षा खोल आहे.

चौकट

पर्यावरणातही हेच झालं, थोडक्यात लिहितो. १९५३ मध्ये अमेरिकेत पॅकेजिंग आणि शीतपेयांच्या उद्योगांनी 'कीप अमेरिका ब्यूटिफुल' ही संस्था काढली. कचरा करू नका, असा तिचा संदेश. त्याच वर्षी व्हरमाँट राज्यानं परत न घेतल्या जाणाऱ्या बिअरच्या बाटल्यांवर बंदी आणली होती. १९७१ च्या या संस्थेच्या जाहिरातीत कचरा पाहून रडणारा मूळनिवासी दाखवला, तो नट प्रत्यक्षात इटालियन वंशाचा होता. आणि बाटल्यांवर अनामत रक्कम ठेवण्याच्या कायद्यांना या उद्योगांचा सत्तरच्या दशकात विरोध होता. बाटली रस्त्यावर टाकणारा दोषी ठरला, बनवणारा सुटला. २००० नंतर बीपी या तेल कंपनीनं 'तुमचा कार्बन ठसा मोजा' (म्हणजे तुमच्यामुळे हवेत किती कार्बन जातो ते) हे गणितयंत्र लोकांच्या हाती दिलं, तेही याच वाटेनं. कचरा न करण्याचा सल्ला चूक नाही. पण त्यामागे कायद्याचा मुद्दा लपला की नुकसान होतं.

ओंजळ

मी एका छोट्या संस्थेत निधी मिळवायचं काम करते, त्यामुळे हा धागा माझ्या रोजच्या आयुष्याचा आहे.

आधी कायद्याचं. भारतात कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटींचं नक्त मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी काहीही असलेल्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. त्यात एक चांगली रेघ ओढलेली आहे. आपल्या उत्पादनाच्या प्रसिद्धीसाठी केलेलं प्रायोजकत्व या सक्तीच्या सामाजिक खर्चात, म्हणजे सीएसआरमध्ये, धरत नाहीत. म्हणजे निळी शाई सांगतात तो प्रकार निदान कागदावर वेगळा काढलाय. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण पैसा देण्याचा निर्णय मर्जीवर न राहता नियमात आला.

पण नियमाचीही मर्यादा आहे. किती द्यायचं ते कायदा सांगतो, कुणाला द्यायचं ते कंपनी ठरवते. आपल्या कारखान्यांच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्या असं कायदाच म्हणतो, मग उद्योग जिथे दाट तिथेच निधीही दाट. आणि मार्च जवळ आला की घाई सुटते. फेब्रुवारीत फोन येतो, 'महिन्याभरात संपेल असं काही आहे का?' महिन्याभरात दप्तरं वाटून संपतात. मूल वाचायला शिकणं महिन्याभरात संपत नाही.

सगळ्यात कठीण जातं ते पगारांचं. एका देणगीदार कंपनीच्या प्रतिनिधींनी मला तोंडावर सांगितलं होतं की आम्ही माणसांवर खर्च करत नाही, मुलांवर करतो. मुलांना शिकवणारी ताई माणूसच असते. तिचा पगार दिला नाही तर दप्तर कुणासमोर उघडणार? इमारतीवर पाटी लावता येते, ताईच्या पगारावर येत नाही, म्हणून हा खर्च कुणालाच नको असतो. दोन चांगल्या ताई आम्ही यामुळेच गमावल्या.

उंबरठा

ओंजळ, पगारांवरचं तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं. तरीही मी माझ्या जागेवर आहे. कंपन्यांना आपण इतकं फैलावर घेतलं की त्या म्हणतील, दिलं तरी शिव्या, न दिलं तर निदान शांतता. अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० मध्ये लिहूनच ठेवलंय की कंपनीची सामाजिक जबाबदारी म्हणजे नियम पाळून नफा वाढवणं, बाकी सगळं भागधारकांच्या पैशानं केलेलं दान. बरेच जण आनंदानं त्या विचाराकडे परततील. २०२५ मध्ये तेच होताना दिसलं. ते तुम्हाला हवंय का?

निळी शाई

उंबरठा, गंमत अशी की त्याच लेखात फ्रीडमन यांनी हेही म्हटलंय की कंपनी जे स्वतःच्या फायद्यासाठी करते त्याला सामाजिक जबाबदारीचं नाव देणं हा ढोंगी देखावा आहे. मला ते पटतं. कंपनीनं सरळ म्हणावं, हे आम्ही खप वाढावा म्हणून करतोय आणि त्यातला इतका पैसा अमुक कामाला जाईल, अमुक तारखेपर्यंत. मी तरी त्यांचा माल जास्त विश्वासानं घेईन. आणि टीका थांबली तर आत बसलेल्या चांगल्या लोकांच्या हातात काहीच उरत नाही. बैठकीत मी जेव्हा जेव्हा वरची मर्यादा काढायला लावू शकले, तेव्हा माझ्या हातात ग्राहकांची पत्रं होती.

पारंबी

ओंजळ, तुमची संस्था मग निधी घेताना काय अटी घालते? आमचाही लहानसा गट आहे, पहिल्यांदाच एका कंपनीकडून विचारणा आली आहे.

ओंजळ

पारंबी, आम्ही अनुभवातून ठरवलेलं सांगते. कुठल्याही एका कंपनीचा पैसा आमच्या वर्षाच्या खर्चाच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त होऊ द्यायचा नाही. उरलेल्यात लहान देणगीदार जितके जास्त तितकं बरं, शंभर रुपयेवाले सुद्धा. करार किमान तीन वर्षांचा मागायचा. चालू प्रकल्पाचा न खर्चलेला पैसा वेगळ्या खात्यात ठेवून पुढच्या तीन वर्षांत वापरायची सोय २०२१ पासून नियमात आहे, त्यामुळे 'मार्चच्या आत संपवा' हे कारण दरवेळी खरं नसतं, हे अदबीनं दाखवून द्यायचं. मुलांचे चेहरे ओळखू येतील असे फोटो द्यायचे नाहीत. आणि संस्थेची भूमिका, म्हणजे आम्ही शासनाकडे काय मागतो, यात देणगीदाराचा शब्द चालणार नाही असं करारातच लिहून घ्यायचं. या शेवटच्या वाक्यावर एका कंपनीनं बोलणी थांबवली होती. दुसरीनं काही न बोलता सही केली आणि ती आजही आमच्यासोबत आहे.

तुमच्या पहिल्या बैठकीला पगाराचा तक्ता घेऊनच जा, आणि तो पहिल्या पानावर ठेवा. विपत्र पत्ता संदेशातून कळवलात तर आमच्या कराराचा नमुना पाठवते.